पंचाची फुली

शनिवार, २ मार्च

चुकले. मी! सात वर्षांत पहिल्यांदा.

आणि चूक तरी कसली — शाळकरी. आमच्या शनिवारच्या ऑनलाइन खेळात गुरुत्वाकर्षण दहा धरायचं. पहिल्या दिवसापासून दहा. मी धरलं नऊ पूर्णांक आठ, कारण दिवसभर ऑफिसात नववीच्या पुस्तकाची उत्तरसूची तपासत होते आणि तिथे पानोपानी नऊ पूर्णांक आठ. तोच आकडा डोक्यात घेऊन घरी आले, तोच घेऊन पंच म्हणून बसले.

गणित गटातल्या नर्सचं होतं. वीस मीटर उंच कड्यावरून गोळा सेकंदाला पंधरा मीटर वेगाने आडवा सुटतो. बादली कुठे ठेवायची? तिने लिहिलं, तीस मीटरवर. बरोबर. मी फुली मारली.

आता आमचा नियम — केलेला मीच — की पंच कारण सांगत नाही. बरोबर असेल तर टिक, चूक असेल तर फुली. चूक ज्याची त्याने शोधायची, आणि पंचाने एकदा खूण केली की बाकी कोणी त्या गणिताला हात लावायचा नाही. नर्स चूक शोधायला बसली. तिच्या गणितात बदलण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून बिचारीने दहाचे नऊ पूर्णांक आठ केले. आलं तीस पूर्णांक तीन. मी टिक केली. आठ वाजता सुतारने कळ दाबली. आठवड्याला एक दरी, एक गोळा, कळ एकदाच. गोळा बादलीच्या काठावर ठणकन आपटला आणि गेला खाली.

नर्स म्हणाली, "म्हणजे माझं पहिलंच बरोबर होतं?"

तेवढ्यात क्रेनवाला — "ताई पुस्तकातल्या पृथ्वीवर राहतात, आपण खेळातल्या!"

सगळे हसले. गप्प्यासुद्धा! सात वर्षांत ज्याचा आवाज मी ऐकलेला नाही, जो नुसते आकडे पाठवतो, तो हसला. आवाज बारीक आहे त्याचा.

रविवार, ३ मार्च

सुतारचा फोन. खेळातला आमचा गट त्याने उभा केला. खराच सुतार आहे, दुकानात प्लायवूडच्या तुकड्यावर दरीचं चित्र काढतो आणि आम्हाला फोटो पाठवतो. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "एक सुचवू का? पंच आळीपाळीने करू या. क्रेनवाल्याची नजर चांगली आहे. तुम्हालाही तेवढाच आराम."

आराम! मी म्हटलं, "बघू."

"महिनाअखेरीस ठरवू," म्हणाला.

क्रेनवाला येऊन तीन महिने झाले. बांधकामावर क्रेन चालवतो. शाळा अर्धवट. गणित शिकला कुठे, तर क्रेनच्या केबिनमध्ये चिकटवलेल्या भाराच्या तक्त्यावरून. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणतो. मी कोणाचीही ताई नाही.

एक गोष्ट मात्र काल रात्रीपासून मनातून जात नाही. नर्सने स्वतःचं बरोबर उत्तर तीन मिनिटांत टाकून दिलं. भांडली नाही, विचारलं नाही. एक लाल फुली, तीन मिनिटं.

मंगळवार, ५ मार्च

नववीच्या मागच्या पानांचं तिसरं प्रूफ आलं. अक्षरजुळणीवाली म्हणते, "पुस्तक चुकलं तर लेखकाचं नाव जातं, उत्तर चुकलं तर कोणाचंच जात नाही. बरं आहे बाई तुमचं."

बरं आहे. वीस वर्षं मी पुस्तकाच्या शेवटच्या चार पानांवर जगते आहे. तिथे नाव छापत नाहीत. पंच हे एकच नाव माझं आहे, तेही शनिवारी आठ ते नऊ.

शनिवार, ९ मार्च

आजची दरी क्रेनवाल्याने सोडवली. कप्पी, दोन वजनं, मध्ये उतार. मला पाऊण तास लागला असता. याने जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर खडूने सोडवली आणि पिशवीचा फोटो पाठवला. अक्षर गिचमिड, उत्तर स्वच्छ. टिक करावी लागली. गोळा बादलीच्या बरोबर मध्यात.

मग फुशारून गोष्ट सांगितली. नाही, फुशारून नाही — साधेपणानेच सांगितली, म्हणून जास्त राग आला. गेल्या वर्षी मुकादमाने सांगितलेला भार उचलायला याने नकार दिला. भाराला बांधलेले पट्टे फार पसरले होते. पट्टे जितके आडवे तितका ताण जास्त, हे याने जमिनीवर खडूने मांडून दाखवलं. मुकादम म्हणाला, "तू क्रेन चालव, मास्तरकी करू नको." याने क्रेनची किल्ली काढली आणि खिशात टाकली. शेवटी वरचे साहेब आले, बघितलं, पट्टे बदलले.

नर्स — "वा!"

सुतार — "म्हणून तर म्हणतो." काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत.

मागून त्याच्या जोडीदाराचा आवाज आला. खाली उभा राहून भाराला हूक लावतो तो, दोघं एकाच खोलीत राहतात. "याच्यामुळे माझं डोकं शाबूत आहे, बाई! आत काही नाही ते सोडा. फक्त याला म्हणावं गोळे तुमच्या दरीत टाक, माझ्यावर नको."

पुन्हा हसणं. मी पण हसले. हसण्याचा आवाज काढला.

रविवार, १० मार्च

तीन फुल्या ओळीने पडल्या तर तो माणूस हंगामभर गणित करत नाही. पंच तर नाहीच होत. हाही नियम आहे. आजवर कोणावर लागू झालेला नाही.

बुधवार, १३ मार्च

अप्पांचा जुना चष्मा शोधायला ट्रंक उघडली. चष्मा नाही मिळाला. माझी वही मिळाली, मी अकरा वर्षांची असतानाची. अप्पा शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवायचे आणि घरी आल्यावर मला. एका पानावर बारा गणितं आणि बारा लाल फुल्या. खाली काही लिहिलेलं नाही. ते कधीच लिहायचे नाहीत. शोध म्हणायचे.

उभ्या उभ्या सोडवायला घेतली. बारातली सात बरोबर होती.

वही घेऊन त्यांच्यासमोर गेले. एक्याऐंशी वर्षांचे आहेत, पण पान दाखवल्यावर क्षणात ओळखलं.

"ही सात बरोबर आहेत."

"आहेतच."

"तेव्हा दिसलं नव्हतं?"

"सगळं दिसत होतं. बघत होतो, भांडतेस का." कपातला चहा संपवला. कप माझ्याकडे सरकवला. "नाही भांडलीस. एकदाही नाही. गपगुमान खोडरबर घ्यायचीस."

मी कप उचलला. दारापर्यंत गेले तर पाठीमागून म्हणाले, "तपासनीस झालीस ते बरंच झालं. ज्याला स्वतःचं उत्तर असतं त्याला ती नोकरी जमत नाही."

कप धुतला. दोनदा धुतला.

रविवार, १७ मार्च

नवी दरी उघडली. तोफ आहे. गोळा सेकंदाला वीस मीटर वेगाने सुटतो, बादली त्याच पातळीवर वीस मीटर लांब. वाटेत मध्यावर सव्वा मीटर उंचीचा खांब. वर वीस मीटरवर दगडी कमान. तोफेचा कोन किती?

बघताक्षणी कळलं. तोफेच्या गणिताला बहुतेक वेळा दोन उत्तरं असतात, एक खालून आणि एक वरून. खालून पंधरा अंश — गोळा खांबावरून अवघ्या नऊ सेंटिमीटरने सुटतो. वरून पंचाहत्तर — कमानीखालून मीटरभर मोकळा जातो. दोन्ही बरोबर. दोन्ही बादलीत.

क्रेनवाल्याने लगेच हात वर केला. "ही मला द्या."

दिली.

तो खालूनच जाणार. मला पक्कं माहीत आहे. मागेच एकदा म्हणाला होता, "भार उंच न्यायचा नाही, ताई. उंच गेला की तो वाऱ्याचा, आपला नाही. जमिनीलगत न्यावा." वर बघायची त्याला सवयच नाही.

सोमवार, १८ मार्च

पंधरा. जेवणाच्या सुट्टीतच पाठवलं. खांबावरची जागासुद्धा काढली आहे — नऊ सेंटिमीटर. नऊखाली दोन रेघा.

फुली मारली.

बघू या, भांडतो का. ठाम राहिला, पुन्हा पंधराच घेऊन आला, तर टिक करीन. शपथ. मी काही अप्पा नाही.

मंगळवार, १९ मार्च

क्रेनवाला — "ताई, खांबाचं काही चुकतंय का? एवढंच सांगा."

नर्स — "जरा इशारा द्या ना बिचाऱ्याला."

दोघींना — दोघांना — एकच उत्तर. नियम.

बुधवार, २० मार्च

सोळा! खांबावर जागा कमी पडते असं वाटून एक अंश वाढवला. गोळा बादलीच्या पुढे सव्वा मीटर जाईल. अगदी खरी, प्रामाणिक फुली. किती सोपं असतं! पहिली आपण द्यायची, दुसरी माणूस स्वतःच कमावतो.

आज जेवण चांगलं गेलं.

शुक्रवार, २२ मार्च

चार पानं पाठवली. दोन पिशवीची, दोन वहीची. एका पानावर शिसपेन्सिलीच्या तुकड्याने काढलेली दरी, खांब, गोळा. गोळ्याचे नऊ ठिकाणचे फोटो काढावेत तसे नऊ गोळे. प्रत्येकाची उंची वेगळी काढलेली. खाली लिहिलंय —

"ताई, फिरून फिरून पंधराच येतात. मी सगळ्या बाजूंनी येऊन बघितलं. चुकत असेन तर कुठे ते मला दिसत नाही. पण माझं उत्तर पंधराच."

तीन वेळा वाचलं. समोर दहावीच्या उत्तरांची पानं पडली होती, चारच्या आत सोडायची होती. पुन्हा वाचलं.

म्हणजे राहिला ठाम.

फुली मारली.

शपथ सोमवारी घेतली होती. आज शुक्रवार.

शनिवार, २३ मार्च

आठला पाच कमी असताना मी माझं उत्तर ठेवलं. पंचाहत्तर. नियमाप्रमाणे तीन फुल्यांनंतर गणित पंचाकडे येतं. सुतारने कळ दाबली. गोळा असा काही वर गेला — वर, वर, कमानीच्या पोटाला लागतो की काय असं वाटेपर्यंत — आणि तिथून जो खाली आला तो बादलीत धप्प!

सुतारने टाळ्या वाजवल्या. नर्स — "मान गये! हे सुचलं कसं?" गप्प्याने पंचाहत्तर हा आकडा पुन्हा लिहून पाठवला. त्याच्या भाषेत ते कौतुक.

क्रेनवाला म्हणाला, "मी वर बघितलंच नाही."

एवढंच. आवाजात राग नव्हता. मी वाट बघत होते रागाची.

कोणी पंधराचं पुन्हा गणित केलं नाही. करणार कोण? पंचाची फुली होती त्यावर.

रविवार, २४ मार्च

सुतार — "आळीपाळीचं राहू दे. तुम्हीच बऱ्या."

शनिवार, ३० मार्च

क्रेनवाला हजर असतो, नुसता ऐकतो. नर्सने विचारलं, "तुला काय वाटतं, चाळीस की बेचाळीस?" म्हणाला, "ताई म्हणतील ते." साधा बेरजेचा प्रश्न होता!

मागून जोडीदार — "याला परवा विचारलं, चहात साखर एक चमचा की दोन, तर म्हणतो थांब, विचारून सांगतो. काय केलंत हो बाई आमच्या माणसाचं?"

सगळे हसले. क्रेनवालाही हसला. मला तेव्हा खरंच बरं वाटलं, लिहून ठेवते.

गुरुवार, ४ एप्रिल

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याचा निरोप. गटात नाही, मला एकटीला.

"ताई, कामावरचं एक तपासून द्याल? भार चार टन. दोन पट्टे, आडव्याशी तीस अंशांत. माझ्या मते एकेका पट्ट्यावर चार-चार टन ताण येतो. पट्टा तीन टनांचा आहे, आणि जुना. मुकादम म्हणतो दोन पट्टे म्हणजे निम्मे-निम्मे, दोन टन. मी हल्ली चुकतो म्हणून विचारतोय. साडेदहाला उचलायचं आहे."

वाचायला वीस सेकंद लागली. उत्तर त्याच्या आधीच आलं होतं. चारच. अकरावीच्या पुस्तकात पान एकशे बाराला हेच गणित आहे, मीच तपासलेलं. पट्टा जितका आडवा तितका ताण जास्त, हे याने गेल्या वर्षी मुकादमाला जमिनीवर काढून दाखवलं होतं. आणि आता मला विचारतो!

उत्तर दिलं नाही. बारापर्यंत पानं छापायला सोडायची होती. थोडं लटकू दे म्हटलं.

दहा पस्तीसला अजून एक निरोप. एकच शब्द. "ताई?"

दुपारी देऊ म्हटलं. दुपारी विसरले.

विसरले नाही. इथे तरी खोटं कशाला.

शनिवार, ६ एप्रिल

क्रेनवाला आला नाही. सुतारने सांगितलं. त्यालाही एकाकडून दुसऱ्याकडून कळलेलं.

गुरुवारी त्यांच्या कामावर पट्टा तुटला. काँक्रीटचा ठोकळा. जमिनीलगतच नेत होता, उंच नव्हता, म्हणून जोडीदाराचं डोकं वाचलं. पाय सापडला. काल गुडघ्याखाली कापला.

"क्रेन यानेच चालवली?" नर्सने विचारलं.

"यानेच. मुकादम म्हणाला उचल, याने उचलला."

"पण मागे तर याने किल्ली —"

"तेच ना," सुतार म्हणाला.

नर्स रडत होती बहुतेक. तिने पाय गेलेली माणसं पाहिली आहेत. आठ वाजले. कोणीतरी दरीचं काय करायचं म्हणून विचारलं. मी विचारलं. मी!

या आठवड्याचा गोळा कोणीच सोडला नाही.

रविवार, ७ एप्रिल

अप्पांना खिडकीपाशी बसवलं. नखं काढायची होती. एक हात झाल्यावर विचारलं, "समजा मुलाचं उत्तर बरोबर आहे. तुम्ही फुली मारली, बघायला, भांडतो का. आणि तो भांडला. तर?"

"भांडला?"

"तेच उत्तर पुन्हा घेऊन आला. म्हणाला, चूक दिसत नाही, माझं हेच."

"मग काय, टिक करायची," अप्पा म्हणाले. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोन आणि दोन किती विचारलं. "त्यासाठीच तर फुली मारायची."

नखाचा तुकडा उडून कुठे गेला ते शोधत बसले.

"तुझ्या बाबतीत ती वेळ आली नाही," म्हणाले आणि दुसरा हात पुढे केला.

सोमवार, ८ एप्रिल

ऑफिस. नववीचं पुस्तक छापून आलं. शेवटच्या चार पानांत एकही चूक नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

निरोप टाइप केला. "तुझं बरोबर होतं." पुसला. "तुझं तेव्हाही बरोबर होतं." पुसला. जुळणीवाली म्हणाली, "कोणाला एवढं लिहिताय?" म्हटलं, गावाकडच्या बहिणीला. मला बहीण नाही.

बुधवार, १० एप्रिल

संध्याकाळी त्याचा निरोप. तेच गणित, स्वच्छ अक्षरात नव्याने लिहिलेलं. भार चार टन, दोन पट्टे, तीस अंश. उत्तर — एकेकावर चार टन. खाली दोन रेघा.

"ताई, त्या दिवशी तुम्ही कामात असाल. आता तरी तपासून सांगा. नियम माहीत आहे, कारण नको. फक्त टिक किंवा फुली. मला फक्त माझं बरोबर होतं की चूक तेवढं कळू द्या."

फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. पाऊण तास तरी.

टिक केली तर — तुझं बरोबर होतं, तुला माहीत होतं, तरी तू उचललास. आयुष्यभर त्या खोलीत, त्या जोडीदारासमोर, ही टिक घेऊन बसेल. फुली मारली तर सुटतो. माझं चुकलंच होतं, मुकादमाचंच बरोबर, पट्टा तुटला तो जुना म्हणून. देवाची करणी. माणूस झोपू शकतो त्यावर.

दया म्हणूनच फुली मारली. या वेळी खरंच दया होती.

हेही लिहिते — टिक केली असती तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता. मग ते पंधरा?

लगेच उत्तर आलं. "बरं." ताई नाही, काही नाही. नुसतं बरं.

गुरुवार, ११ एप्रिल

पाच दिवसांत पहिल्यांदा झोप लागली.

शनिवार, १३ एप्रिल

आठला एक मिनिट असताना क्रेनवाल्याने गटात दोन फोटो टाकले. पहिला चौकशीचा कागद — भार चार टन, प्रत्येक पट्ट्यावर चार टन, इंजिनियरची सही, तारीख आठ एप्रिल, सोमवार. दुसरा माझ्या फुलीचा. बुधवारच्या.

म्हणजे विचारलं तेव्हा त्याला माहीत होतं.

कळ कोणी दाबली नाही. आठ वाजून चार मिनिटांनी गप्प्याने एक आकडा पाठवला.

पंधरा.